अहिवंत पहिल्या दिवशी का हुकला: सातमाळेच्या एका रेंज ट्रेकचं प्रकरण

अचला किल्ल्यापासून चांदवडपर्यंत सातमाळ डोंगररांग एका दमात चालायची, हा नाशिकच्या डोंगरभटक्यांचा जुना हट्ट. शरदात चौघांनी तो धरला. सहा दिवसांचा बेत, पाठीवर बिऱ्हाड, मुक्काम गडावर नाहीतर पायथ्याच्या गावात. पहिल्याच दिवशी एकाला ऊन लागलं, अहिवंत किल्ल्यावरचा ठरलेला मुक्काम हुकला आणि सहाव्या दिवशी ही मंडळी चांदवडऐवजी धोडप किल्ल्याच्या पायथ्याला, हट्टी गावात उतरली. खरचटण्या-फोडांपलीकडे कुणाला काही झालं नाही. लिहून ठेवावंसं वाटलं ते त्यामुळेच. अपघात झाला की सगळे बोलतात. थोडक्यात निभावलं की लोक फोटो टाकून मोकळे होतात.

आमच्या मंडळात अशा ट्रेकनंतर सगळ्यांना समोर बसवून दिवसाचा हिशेब मांडतात. खालचा मजकूर त्या बैठकीतला, मोबाइलमधला ट्रॅक आणि फोटोंवरच्या वेळा यांच्याशी ताडून घेतलेला. नावं त्यांच्याच सांगण्यावरून गाळली आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: चौघंही चालायला कच्चे नव्हते. पहिला दिवस त्यांनी बाकीच्या पाच दिवसांसारखाच धरला, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

माणसं आणि बेत

गटप्रमुख नाशिकरोडच्या एका शाळेतल्या शिक्षिका, वय चाळिशीच्या आसपास, सह्याद्रीत बरीच वर्षं फिरलेल्या. सगळे त्यांना ताई म्हणतात. दुसरे सातपूरच्या कारखान्यात शिफ्टला जाणारे दादा. ताकदीचा माणूस, चौघांचं ओझं एकट्यानं उचलायची तयारी. बाकी दोघं कॉलेजातली: एक मुलगी आणि एक मुलगा. मुलगा नियमित पळणारा, अर्धमॅरेथॉन करणारा. चौघांत सगळ्यात तयारीचा कोण असं आधी विचारलं असतं तर सगळ्यांनी त्याच्याकडेच बोट दाखवलं असतं.

पहिल्या दिवशी पहाटेच्या एसटीनं वणी, तिथून जीपनं दगडपिंपरी. अचला चढायचा, खिंडीत परत यायचं, तवल्याच्या डोंगराला वळसा घालून अहिवंतवर जायचं आणि तिथल्या तळ्याकाठी तंबू ठोकायचा. नकाशावर अंतर भरलं १३ किलोमीटर, चढाई सगळी मिळून ९०० मीटर. ताईंनी नेस्मिथचा ठोकताळा लावला. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली तो मांडला: सपाटीला ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. उत्तर आलं चार तासांच्या थोडं वर. जेवण-विश्रांतीचा दीड तास धरून साडेपाच. आठला निघालं तर दुपारी दीड-दोनला अहिवंत. कागदावर आरामाचा दिवस.

ठोकताळ्यात खोट नाही. पण तो धडधाकट माणूस, बरी वाट आणि बेताचं ओझं गृहीत धरतो. ऑक्टोबरातल्या सातमाळेत यातलं पहिलंच तेवढं हाताशी असतं, तेही दुपारपर्यंत.

सकाळ

सॅक भरणं रात्री दीडपर्यंत चाललं. आता हे बी राहिलं, ते बी राहिलं, हा खेळ सगळ्यांना माहीत आहे. झोप झाली जेमतेम तीन तास. पहिली बस चुकली, दुसरी मिळाली. वणीहून जीप भरल्याशिवाय सुटत नाही, हे कुणी वेळापत्रकात धरलं नव्हतं. दगडपिंपरीतून पहिलं पाऊल पडलं ते पावणेअकराला. म्हणजे पावणेतीन तास उशीर.

इथे थांबून बेत फिरवायला हवा होता, असं बैठकीत बहुतेकांचं म्हणणं पडलं. तो फिरवला का गेला नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. पावणेअकरात साडेपाच तास मिळवा: सव्वाचार. सूर्य मावळतो सहाच्या सुमाराला. कागद अजूनही सांगत होता की जमतंय, उलट पावणेदोन तास शिल्लक दाखवत होता. उशीर झाला की आपण फक्त सुरुवातीची वेळ पुढे सरकवतो. मधल्या तासांची लांबी तीच राहील असं धरून चालतो. पण आठ ते दहा या वेळात चढायची चढण साडेअकरा ते दीडमध्ये चढावी लागली, तर ती तीच चढण राहत नाही.

नाशिककडे ऑक्टोबरात दुपारचं तापमान सहसा ३२-३३ अंशांपर्यंत जातं. एप्रिलच्या मानानं काहीच नाही, असं वाटतं. पण एप्रिलपर्यंत अंगाला उन्हाची सवय झालेली असते. अशी सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. ऑक्टोबरात चार महिने ढगाखाली राहिलेलं शरीर एकदम उघड्या उन्हात येतं. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, वारा पडलेला, गवतातून वाफ उठतेय आणि काळा कातळ खालून भाजतोय. शरद म्हणजे गुलाबी हवा, हे कवितेत ठीक आहे. सोनकीची पिवळी फुलं बघायला वर जावं हेही खरं; पण ती बघायला साडेनऊच्या आत माथ्यावर असावं.

ओझं

तिसऱ्या दिवशी नांदुरीच्या एका किराणा दुकानातल्या काट्यावर सॅका तोलल्या, म्हणून आकडे मिळाले. दादांची १७ किलो, बाकीच्या १३ ते १५, आणि तोवर दोन दिवसांचा शिधा संपलेला होता. म्हणजे पहिल्या दिवशी याहून जास्त. त्यात पाणी प्रत्येकी ३-४ लिटर, म्हणजे तेवढेच किलो.

सॅकमधून निघालं काय? चौघांचा एक जड तंबू, दोन भरलेले गॅस सिलिंडर, दोन किलो तांदूळ, बटाटे, जाड जॅकेटं, जीनची एक पँट, चार पॉवर बँक. आणि दीड किलो कांदे. कांद्याच्या जिल्ह्यात, कांद्याच्या गावांमधून जाताना, पाठीवर कांदे. मी हसलो, ताई हसल्या नाहीत.

गरम कपड्यांचं कारण मुलीनं प्रामाणिकपणे सांगितलं: तिनं हिमालयातल्या आणि परदेशातल्या लांब पल्ल्याच्या ट्रेकचे व्हिडिओ पाहून यादी केली होती. तिकडे शरद म्हणजे थंडीची चाहूल, रात्री पारा शून्याजवळ. तिथली यादी तिथे बरोबरच आहे. इकडे ऑक्टोबरात एक पातळ स्वेटर, कानाला मफलर आणि जमिनीवर घालायला एक चांगली मॅट पुरते.

याच रांगेत ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेहून परतणाऱ्या महाराजांच्या फौजेला दाऊदखानानं गाठलं होतं. लुटीचं ओझं पुढे रवाना करून सड्या फौजेनिशी महाराज उभे राहिले, आणि कांचनबारीच्या परिसरात मोगलांचा पराभव झाला. बैठकीत एका ज्येष्ठांनी हे सांगितलं तेव्हा दादा म्हणाले, "आमच्याकडं पुढं धाडायला कोणी नव्हतं ना काका." त्यावर काकांचं उत्तर: "मग मागं ठेवायचं."

अचला

खिंडीत पोचायला सव्वाबारा-साडेबारा झाले. वाटेत ताईंच्या टाचेला चटका जाणवला. त्या तिथल्या तिथे बसल्या, बूट-मोजे काढले, टाच पुसली, टेप लावली. दहा मिनिटं गेली. दादांनाही चटका जाणवत होता, पण "वर गेल्यावर बघू" म्हणून ते चालत राहिले. ताईंच्या टाचेला सहा दिवसांत फोड आला नाही. दादांचा फोड त्याच संध्याकाळी फुटला आणि चौथ्या दिवसापर्यंत ते लंगडत राहिले.

खिंडीतून अचल्याचा माथा गाठायचा आणि त्याच वाटेनं परत यायचं होतं. जाणकार अशा वेळी जड सॅका खाली ठेवतात आणि पाणी, औषधं, टॉर्च एवढंच घेऊन वर जातात. इथे चर्चा झाली. माकडं आहेत, कोणी उचलून नेलं तर काय, असं म्हणत शेवटी सगळं पाठीवर घेऊनच चढले. माकडांची भीती खोटी नाही. पण एक जण खाली सावलीत राहिला असता किंवा सॅका झाडाला उंच टांगल्या असत्या, तरी चाललं असतं. पायऱ्यांवर आणि घसाऱ्यावर पंधरा किलो घेऊन चढणं एक, उतरणं दुसरं. दोन दिवसांनी मांड्या धरतात त्या उतारामुळे.

माथ्यावर पोचले एक पस्तीसला. टाकी पावसाच्या पाण्यानं भरलेली. ताई आणि मुलीनं बाटल्या भरल्या, क्लोरीनचे थेंब टाकले आणि अर्धा तास थांबून मग प्यायल्या. पळणाऱ्या मुलानं भरलं नाही, कारण त्याच्या मते त्याच्याकडे पाणी होतं.

या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा तपशील हा. त्याच्याकडे नळीतून ओढून प्यायची दोन लिटरची पिशवी होती, सॅकच्या आत पाठीला लागून ठेवलेली. बाकी पाणी होतं एका बाटलीत, तेही सॅकच्या तळाशी, कपड्यांखाली. पिशवीत किती उरलंय ते बाहेरून दिसत नाही. माथ्यावर त्याच्या नळीतून दोन घोट आले आणि संपलं. बाटली काढायला सगळी सॅक उपसावी लागली असती, आणि सगळ्यांसमोर उपसायचा त्याला संकोच वाटला. "खाली गेल्यावर काढतो" असं तो मनाशी म्हणाला. जेवणही त्यानं अर्धंच केलं. भूक नाही म्हणाला. उन्हात राबून आलेल्या माणसाला भूक नसणं ही खूण आहे, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

शिवाय तो सवयीनं सगळ्यांच्या पुढे होता. पुढे चालणाऱ्याचा चेहरा कुणाला दिसत नाही.

गवत

तीन वाजून दहा मिनिटांनी परत खिंडीत. आता तवल्याकडे आडवं जायचं. मोबाइलमध्ये दुसऱ्या कुणीतरी चालून टाकलेला ट्रॅक होता, स्पष्ट रेघ. तो जानेवारीतला होता, हे नंतर तारीख पाहून कळलं. जानेवारीपर्यंत गवत कापून झालेलं असतं, गुरांच्या आणि माणसांच्या पायांनी वाट उघडी पडलेली असते. ऑक्टोबरात तीच वाट कमरेएवढ्या गवताखाली असते. रेघेवर चालायला गेलं तर पाय कशावर पडतोय ते दिसत नाही, आणि पावसाळ्यानंतरच्या गवतात फुरसं-घोणस असायला मोकळं रान. मोज्यांत कुसळं घुसतात ती वेगळीच. दहा पावलांवर वाकून उपटत बसावं लागतं.

उघड्या दिसल्या त्या ढोरवाटा. त्यातली एक त्यांनी धरली आणि ती हळूहळू उतरत गेली. वीस-पंचवीस मिनिटांनी गवत कापणारी एक बाई भेटली. तिनं विळा थांबवून विचारलं, "कुठं चालले ताई?" अहिवंतचं नाव ऐकून ती म्हणाली, "ही ढोराची वाट हाये. तुमची वाट वरल्या अंगाला राहिली. अन् आता कुठं जाता? अंधार पडंल." मग मुलाकडे पाहून: "या पोराला आधी बसवा."

तिघांच्या आधी तिनं पाहिलं. मुलाचा चेहरा पांढरा पडला होता, घाम सुटलेला, डोकं ठणकत होतं. पोटरीत गोळा आला आणि तो ओकला.

चार वाजता

ताईंनी पुढची चाळीस मिनिटं जे केलं ते नमुनेदार होतं, म्हणून सविस्तर. सॅक उतरवून त्याला झुडपाच्या सावलीत आडवं केलं, पाय सॅकवर उंच ठेवले, बूट आणि शर्टाची बटणं सैल केली. गमछा भिजवून मान, काखा आणि कपाळावर ठेवला. मुलगी ताटलीनं वारा घालत होती. ओआरएसचं एक पाकीट लिटरभर पाण्यात कालवून दोन-दोन घोट, थांबून थांबून. भडाभडा प्यायला दिलं नाही. मधूनमधून त्याला प्रश्न: आज वार कोणता, आपण कुठून निघालो, तुझ्या आईचा नंबर सांग. उत्तरं बरोबर आली. ती अडखळली असती, तो बरळू लागला असता किंवा अंग तापून शुद्ध हरपू लागली असती, तर तो उष्माघात. मग पाणी पाजत न बसता अंग थंड करत राहून १०८ ला फोन आणि खाली उचलून नेण्याची तयारी. ताईंनी मुलीला आधीच रेंज शोधायला उंचवट्यावर पाठवून ठेवलं होतं.

तो सावरत असताना पुढचं ठरवायचं होतं. दादांचं म्हणणं: याची सॅक मी घेतो, अहिवंत गाठू, आज हुकलं तर पुढचं सगळं गणित कोलमडेल. मुलीचं म्हणणं: खिंडीत परत जाऊन तंबू लावू. तिथे सपाटी होती, पण पाणी नव्हतं, आणि उरलेलं सगळं मिळून चार लिटरही भरत नव्हतं. तिसरा पर्याय खाली दिसणाऱ्या वस्तीचा.

चांदण्याचाही मुद्दा निघाला. कोजागिरी नुकतीच होऊन गेली आहे, टॉर्चची गरजच पडणार नाही, असं दादा घरून निघतानाच म्हणाले होते. पण कोजागिरी होऊन पाच दिवस झाले होते. पुनवेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो, पुढे रोज पाऊण तासानं उशीर. वद्य पंचमीचा चंद्र यायला साडेनऊ होतात. म्हणजे सहा ते साडेनऊ मिट्ट काळोख, नेमका कातळटप्प्यावर. हे पंचांग ताईंनी तिथे बसल्या बसल्या बोटांवर मांडून दाखवलं आणि वाद मिटला. "गणित उद्या करू," त्या म्हणाल्या. "आज याला खाली न्यायचं."

पावणेपाचला उतरायला लागले. मुलाची सॅक दादांनी आणि मुलीनं वाटून घेतली, गवतवाल्या मावशी वस्तीच्या वाटेला लावून देईपर्यंत सोबत आल्या. शेवटचा टप्पा हेडटॉर्चवर. सव्वासहाला वस्तीत. शाळेच्या ओट्यावर झोपायची परवानगी मिळाली, एका घरातून नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी आली. पैसे घ्यायला ते लोक तयार नव्हते. ताईंनी घरातल्या पोरांच्या हातात वह्या-पेन ठेवले, शिक्षिका असल्यामुळे ते त्यांच्या सॅकमध्ये असतातच. या एका वस्तूच्या वजनाबद्दल बैठकीत कुणी बोललं नाही.

मग चूक कुठली

चार वाजताचा निर्णय बरोबर होता, यावर कुणाचा वाद नाही. वाद आहे तो पावणेअकराच्या निर्णयावर. काही ज्येष्ठ म्हणतात, अचला सोडून थेट अहिवंतच्या पायथ्याला, दरेगावला जायला हवं होतं. ताईंना हे मान्य नाही. त्यांच्या मते अचला हे रांगेचं पश्चिम टोक. तेच गाळलं तर सातमाळ कुठून चाललो म्हणायचं? मला त्यांचं म्हणणं पटतं. पण मग अहिवंत सोडायचा होता. अचला चढून-उतरून उजेडातच वस्तीत पाय पसरून बसले असते, टाचा आणि सॅका तपासल्या असत्या, दीड किलो कांदे तिथल्या तिथे कुणाला तरी देऊन टाकले असते.

लांबच्या ट्रेकचा पहिला दिवस सगळ्यांत वाईट अवस्थेत चालला जातो. झोप अपुरी, शिधा पूर्ण, पट्टे अजून अंगाला बसलेले नाहीत, कोणती वस्तू कुठे ठेवली ते हाताला माहीत नाही, कोण किती पाणी पितो ते गटाला माहीत नाही. त्यातच सगळ्यांचा उत्साह शिगेला, त्यामुळे कुणी कुणाला थांबवत नाही. मुलाला ऊन लागलं यात पिशवीची नळी, संकोच, पुढे चालण्याची सवय आणि पळण्याचा आत्मविश्वास, सगळ्यांचा वाटा आहे. पहाटे रिकाम्या अंगानं पळायची सवय आणि भर दुपारी पंधरा किलो घेऊन चढायची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओझं घेऊन त्यानं एकदाही सराव केलेला नव्हता. आदल्या दोन रविवारी पांडवलेण्याच्या पायऱ्या भरलेल्या सॅकनं चढला असता, तरी त्याला बरंच काही कळलं असतं.

पुढचे दिवस

दुसऱ्या दिवशी मुलगा आणि ताई वस्तीतच थांबले. दादा आणि मुलगी गावातल्या एका काकांना वाटाड्या म्हणून घेऊन रिकाम्या पाठीनं अहिवंत करून आले. काकांनी जी वाट दाखवली ती ट्रॅकवर नव्हतीच. मोहनदरी किल्ल्याला फाटा दिला. तिसऱ्या दिवशी नांदुरीत सॅका तोलल्या आणि चौघांचं मिळून ११ किलो सामान ओळखीच्या जीपवाल्याबरोबर नाशिकला परत गेलं, तंबूही त्यातच. तिथून पुढे सप्तशृंग, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या आणि धोडप त्यांनी चांगल्या चालीनं केले, रोज पहाटे सहाला निघून, दुपारी दोनच्या आत मुक्कामाला. मुलाला चालताना मधे ठेवलं होतं, पुढे नाही, आणि पाणी पारदर्शक बाटल्यांत, सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात.

धोडप ते चांदवड उरलं आहे. गवत कापून झालं की डिसेंबरात ते करायचं ठरलंय. ताईंच्या नव्या कागदावर पहिला दिवस असा आहे: आदल्या संध्याकाळीच हट्टीत मुक्काम, सकाळी धोडप चढून वरच्या गुहेत वस्ती, एवढंच. दादांना हा दिवस वाया गेल्यासारखा वाटतो. त्यांच्या मते त्याच दिवशी कांचना किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत सहज जाता येईल. कागद अजून दोघांच्या मधे पडून आहे.